भिंतीलगतच्या तेरड्याची व्यवस्था

मी, द्वारकाबाई आप्पासाहेब शेजूळ, माहेर सोयगाव, वय बहात्तर, धंदा घरकाम व बागकाम, राहणार क्रांती चौकामागं, औरंगाबाद, आज हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे, नजर चष्म्यासह शाबूत आहे. कुणी धाक, लालूच किंवा नशापाणी देऊन हे माझ्याकडून लिहवून घेतलेलं नाही. धाक मुलानं घालून पाहिला आणि लालूच सुनेनं दाखवली, पण दोन्ही कमी पडलं. वकीलसाहेबांनी एक सुबक मसुदा करून दिला होता. तो वाचल्यावर नेमकं कोण मरणार आहे हेच कळेना, म्हणून त्यांची कलमं ठेवून आतला मजकूर मी बदलला आहे.

कलम १. माझ्याविषयी.

मी निजामाच्या राज्यात जन्मले आणि निजामाच्याच राज्यात लग्न होऊन बिडकीनच्या शेजुळांकडं आले. पोलीस ॲक्शन झाली तेव्हा मी चुलीपुढं होते. सासरे बाहेरून ओरडत आले, "आपण हिंदुस्थानात आलो!" तव्यावरची भाकरी करपली म्हणून सासूबाई मला बोलल्या, हिंदुस्थानाला कुणी बोललं नाही. पुढं मी मुंबई राज्यात गेले, मग महाराष्ट्रात गेले, आणि यातल्या कुठल्याही प्रवासात मला उंबरा ओलांडावा लागला नाही. त्यामुळं सरहद्दींवर माझा फारसा विश्वास नाही. अपवाद माझ्या घराच्या पूर्वेच्या भिंतीचा. तिच्या पलीकडं माझी धाकटी जाऊ आशाबाई राहते.

कलम २. घर.

प्लॉट माझ्या माहेरच्या दागिन्यांवर घेतलेला असून माझ्याच नावावर आहे. घर माझे यजमान कै. आप्पासाहेब यांनी बांधलं. ते महसुलात कारकून होते. तेव्हा इथं चौक नव्हता की दुकानं नव्हती, मागं माळच होता. शेजारचा प्लॉट धाकटे दीर काकासाहेब यांनी घेतला, कारण भावाभावांनी जवळ राहावं अशी सासऱ्यांची इच्छा होती. भाऊ जवळ राहिले. बायकांना कुणी विचारलं नव्हतं.

हे घर माझा मुलगा चि. सांडू याला देते. माझी आधीची दोन मुलं हाताला लागली नाहीत, म्हणून याचं नाव सांडू ठेवलं, की सांडून टाकलेलं समजून काळानं नजर फिरवावी. काळानं फिरवली. आता तो दारावरच्या पाटीवर 'संदेश' लिहितो. दोन्ही नावांचा माणूस एकच आहे, हे कोर्टानं ध्यानात घ्यावं.

घर त्याला पूर्ण हक्कानं दिलं आहे. मात्र फाटकापासून आशाबाईच्या भिंतीलगत जाणारी बागेची पट्टी या कलमात येत नाही. तिची व्यवस्था कलम ७ मध्ये आहे. सांडूनं थेट तिकडं उडी न मारता मधलं वाचावं.

कलम ३. बँकेतली शिल्लक, पाटल्या व पोत.

हे सर्व मुलगी सरू हिला. तिनं कधी काही मागितलं नाही, म्हणून. वहिनीला न विचारता घ्यावं. माझी झारीही तिलाच. झारीला भोक आहे, ते सरूला ठाऊक आहे. लहानपणी तिनंच पाडलं.

कलम ४. तेरड्याविषयी.

हे कलम मालमत्तेत बसत नाही, असं वकीलसाहेबांचं मत पडलं. तुमच्या घरी बाग आहे का, असं मी विचारलं. ते म्हणाले, फ्लॅट आहे. मी लिहायला घेतलं.

माझ्या बागेत पावसाळ्यात तेरडा फुलतो. रस्त्याकडेला उगवतो तो एकेरी पाकळीचा नव्हे. हा गुलाबासारखा भरगच्च, पांढऱ्यावर जांभळे शिंतोडे असलेला. मृगात पेरला की महालक्ष्म्यांना फुलावर असतो, दिवाळीपर्यंत झाड संपतं. पुढच्या वर्षी बी पेरल्याशिवाय तो पुन्हा तोंड दाखवत नाही. दरवर्षी पेरायचा, एकेरी फुलाचं झाड दिसलं की उपटायचं, चांगल्या झाडाच्या बोंडांना पातळ फडक्याच्या पुरचुंड्या बांधायच्या, कारण पिकलेलं बोंड नुसतं हात लागला तरी फुटतं आणि बी चहूकडं उडतं. मग राखेत घोळून डब्यात ठेवायचं. एक पावसाळा कंटाळा केला तर पुढं सगळंच गेलं. 'तेरड्याचा रंग तीन दिवस' असं लोक म्हणतात. लोकांना बी धरावं लागत नाही.

घर बांधलं त्या पावसाळ्यात मी पाकिटातलं झिनियाचं बी आणून लावलं होतं. फुलं येण्याच्या बेतात होती. त्या वेळी मागच्या माळावरून धनगरांचे कळप जायचे. एका दुपारी फाटक उघडं राहिलं आणि मी बाहेर येते तर एक शेळी माझी बाग खाऊन मजेत उभी. मागून तिची मालकीण आली, माझ्याच वयाची, बिडकीनची बानाबाई. मी तोंडाला येईल ते बोलले. तिनं सगळं ऐकून घेतलं, शेळीचा कान धरला आणि निघून गेली.

पुढच्या मृगाला ती परत आली. शेळी बाहेर बांधून आत आली आणि कमरेची पुरचुंडी सोडली.

"बाई, शेळीनं खाल्लं ते काय माघारी येत नाय. हे लाव. माझ्या मायच्या कुडापाशी व्हतं. याला शेळी तोंड लावत नाय."

तो हा तेरडा. नंतर एका शेळीनं तोही खाल्ला. बानाबाईला विचारलं, तर म्हणाली, "ती शेळी येडी हाय."

तेव्हापासून ती येता-जाता ओट्यावर बसायची. मी चहा करायची, ती माळावरच्या गोष्टी सांगायची. मला शेजारी आशाबाई होती, पण मैत्रीण ही होती.

कलम ५. नवाबाविषयी.

फुलं नावारूपाला आली. आप्पासाहेबांचे एक साहेब चहाला आले आणि वाफ्यापुढं थबकले. "कुठून आणलंत हे?"

आप्पासाहेब भले होते, पण धनगरणीनं दिलं हे साहेबापुढं सांगायला त्यांची जीभ रेटेना. म्हणाले, "निजामी काळातल्या एका नवाबाच्या हवेलीतलं बी आहे, साहेब. खानदानी."

मी तिथंच कपबशा घेऊन उभी होते. म्हटलं, "बिडकीनच्या बानाबाईनं दिलं."

साहेब हसले. "वहिनी गंमत करतात."

त्यानंतर दरवर्षी नवाब मोठा होत गेला. आधी त्याला बेगम मिळाली, मग बेगमला कारंजं मिळालं. पोलीस ॲक्शननंतर हैदराबादला जाताना बेगमनं डोळ्यांत पाणी आणून हे बी आप्पासाहेबांच्या ओंजळीत टाकलं, इथपर्यंत मजल गेली. त्या साली आप्पासाहेब बिडकीनला विहिरीवर मोट हाकत होते. मी दरवेळी खरं सांगितलं. एकदाही लपवलं नाही. पण पाहुण्याला नवाब आणि धनगरीण यातलं एक निवडायला सांगितलं तर पाहुणा नवाबच उचलतो, हा माझा अनुभव आहे.

एकदा बानाबाईला मी हा सगळा प्रकार सांगितला. ती पदर तोंडाला लावून हसली, मग म्हणाली, "मंग मी बेगम व्हय? कारंजं कुठं हाय माझं?" पुढं मी तिला बेगमच म्हणायची. ती "जी, सरकार" म्हणून चहाची बशी पुढं करायची.

सबब, माझ्या मृत्यूनंतर वर्तमानपत्रात किंवा दशक्रियेच्या भाषणात कुणीही नवाबाचा उल्लेख करू नये. मागं नातवानं पेपरात 'नवाबाच्या बागेतली फुलं' म्हणून फोटो छापून आणला. पोरगं हौशी आहे, त्याला माफ केलं. त्या फोटोत आशाबाई कडेला उभी आहे, तिला मी बोलावलं नव्हतं.

कलम ६. आशाबाईविषयी.

हिशेब सरळ मांडते. आम्ही दोघी एकाच घरात, दोन वर्षांच्या अंतरानं सुना होऊन आलो. मी लावलं की ती लावायची. माझ्या कोंबड्याचे तुरे लाल फुलले, तर तिचे पिवळे. इथवर मी सोसलं. तेरडा फुलल्यावर मात्र तिला चैन पडेना. बी मागितलं असतं तर दिलं असतं. मागणं तिच्या स्वभावात नाही.

एका सकाळी मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. भिंतीवरून एक हात आला. बांगड्या ओळखीच्या. हातानं बोंड चाचपलं आणि ते फुटलं. हात दचकून आत गेला, पुन्हा आला. पुन्हा बोंड फुटलं. तिसऱ्या वेळी हातासोबत चाळणी आली.

मी म्हटलं, "आशा, फाटक उघडं आहे."

पलीकडून आवाज आला, "मी मांजर हाकलते, आक्का."

पुढल्या वर्षी गावात फुलांचं प्रदर्शन भरलं. पहिला नंबर : सौ. आशाबाई काकासाहेब शेजूळ, तेरडा. प्रमाणपत्रावर 'नवाबी वाण' असंही लिहिलं होतं. दुसरा नंबर : मी. आप्पासाहेब म्हणाले, "बक्षीस घरातच राहिलं." त्या दिवशी त्यांना मी जेवायला वाढलं, पण बोलले नाही. आशाबाईशी तर मी बोलणंच सोडलं. ती सोडेना, म्हणून काय सांगायचं ते भिंतीकडं तोंड करून मोठ्यानं सांगू लागले. हे बोलणं धरायचं की नाही, ते वाचणाऱ्यानं ठरवावं.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. पाऊस आधीच्या वर्षी रुसला होता, त्या वर्षी फिरकलाच नाही. नळ कोरडे, टँकरपुढं हंड्यांची रांग. हंड्यातलं पाणी फुलाला घालावं असं मनात आणायचीही लाज वाटायची. तेरडा बोंड धरायच्या आतच जळाला, माझाही आणि आशाबाईचाही. डब्यात जुनं बी होतं. ते मी शोधू लागले, तेव्हा आप्पासाहेब चष्मा पुसू लागले. साहेबांची बदली झाली होती, निरोपाला काहीतरी खानदानी द्यावं म्हणून सगळा डबाच त्यांनी साहेबांना देऊन टाकला होता.

वाण संपलं, असं त्या दिवशी मला वाटलं. घरात दाणा नाही तिथं फुलासाठी रडायचं नसतं, म्हणून न्हाणीघरात जाऊन रडले. तिथंही पाणी नव्हतं.

बानाबाईचा बरेच महिने पत्ता नव्हता. तिच्या नवऱ्यानं, मल्हारीनं, चाऱ्यापायी कळप विकल्याचं कानावर आलं होतं. ती कशी असेल, ही काळजी होती, आणि तिच्याकडं बी असेल का, ही आशाही होती. कोणतं आधी मनात आलं, ते मला विचारू नये. रेशनवर मिळणाऱ्या तांबड्या परदेशी ज्वारीच्या, मिलोच्या, भाकरी बांधल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा एकटी एसटीत बसले. बिडकीनला उतरून विचारत विचारत पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर पोचले. बाया खडी फोडत होत्या. सगळ्या धुळीनं सारख्याच दिसत होत्या. मी नुसती उभी राहिले.

"सरकार! इकडं!"

हातोडा खाली ठेवून ती उठली. हाताला चिंध्या गुंडाळलेल्या. मी विचारलं, कशी आहेस. म्हणाली, बघतीस नव्हं. तिनंच विचारलं, "तुझा तेरडा?"

मी मान हलवली.

ती इतक्या मोठ्यानं हसली की मुकादमानं वळून बघितलं. "आगं, लोक भाकरी मागाया येत्यात. तू फुलं मागाया आलीस व्हय!"

मी म्हटलं, "भाकरी आणल्यात."

"मंग बस."

आम्ही दगडांच्या ढिगामागं बसून मिलोची भाकरी आणि तिला कामावर मिळालेली सरकारी सुकडी खाल्ली. मिलो घशाखाली उतरत नव्हता, तिनं माझ्या पाठीवर थापटलं. काम सुटल्यावर तिनं मला झोपडीत नेलं. आढ्याला भांडी नव्हती, कारण ती विकली होती. तिथं एक पुरचुंडी मात्र लटकत होती. शेळ्या गेल्या, भांडी गेली आणि ही का ठेवलीस, असं मी विचारलं.

"हे कोण इकत घेतंय?" ती म्हणाली. "म्हणून ऱ्हायलं."

तिनं अर्धं बी माझ्या पदरात बांधलं. मी जास्त मागितलं नाही आणि तिनं कमी दिलं नाही.

त्र्याहत्तरच्या मृगात पाऊस लागला. मी पेरलं. त्याच सकाळी आशाबाई तिच्या मोकळ्या वाफ्यापाशी नुसती उभी असलेली मला भिंतीच्या फटीतून दिसली. तिच्या हातात खुरपं होतं आणि पेरायला काही नव्हतं. त्यानंतर थोडं बी भिंतीपलीकडं गेलं. मी टाकलं नाही. वारा होता. पुढच्या प्रदर्शनात आशाबाईचा पहिला नंबर आला. तेव्हापासून मी वाऱ्याशीही बोलत नाही.

कलम ७. बी आणि बागेची पट्टी.

(अ) बानाबाई दहा वर्षांपूर्वी गेली. शेवटच्या भेटीत तिला ऐकू कमी येत होतं. मी "बेगम" म्हटलं ते तिला कळलं नाही, पण तिनं बशी पुढं केली. तिची सून म्हाळसाबाई बिडकीनला राहते. माझ्याकडच्या बियाचा अर्धा वाटा दर दिवाळीला म्हाळसाबाईला पोचवावा. तो सांडूनं स्वतः, त्याच्या गाडीतून न्यावा, माणसाबरोबर पाठवू नये. ती चहा देईल, तो ओट्यावर बसून प्यावा. घाई असल्याचं सांगू नये.

(आ) पट्टीविषयी. गाडी उन्हात राहते म्हणून इथं सिमेंटचा कोबा करायचा, असं सांडूचं म्हणणं आहे. सुनेनं मला त्याबदली गच्चीवर कुंड्या देऊ केल्या. "आई, तिथंही फुलतील की." फुलतील. माझे गुडघे जिना चढले तर.

कोबा करू नको, अशी अट नुसती लिहिली असती तर वर्षश्राद्धाच्या आत तो झाला असता, एवढं मी पोराला ओळखते. म्हणून असं लिहिते : पट्टी सांडूचीच. मात्र कोणत्याही वर्षी महालक्ष्म्यांच्या दिवशी तिच्यात भरगच्च तेरडा फुलावर नसेल, किंवा कोबा, फरशी अथवा गाडी आढळेल, तर त्याच दिवशी ही पट्टी श्रीमती आशाबाई काकासाहेब शेजूळ यांच्या पूर्ण मालकीची होईल, आणि भिंत पाडून सरकवण्याचा त्यांना हक्क राहील.

आता माझी सून काकूला एक वीत जमीन देण्यापेक्षा रोज पहाटे उठून तेरड्याला पाणी घालेल. आणि नाहीच घातलं, तर पट्टी आशाबाईकडं जाईल. ती तिथं तेरडा लावेल आणि माझ्यापेक्षा बरा आणेल, निव्वळ मला दाखवायला. मी बघायला नसेन, याची तिला खात्री पटायची नाही.

(इ) वारसांपैकी कुणीही हे कलम कोर्टात नेल्यास न्यावं. तोवर पाणी घालत राहावं.

कलम ८. व्यवस्थापक.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी करण्यासाठी मी आशाबाई हिलाच नेमते. वकीलसाहेबांनी डोक्याला हात लावला. ज्या बाईशी तीस वर्षं वैर, तिलाच? मी म्हटलं, माझ्या बागेवर रोज सकाळी, न चुकता, दोष काढायला नजर टाकणारं दुसरं माणूस मला दाखवा. पोरांची माया असते, ती विसरते. हिचं वैर विसरायचं नाही.

नेमणूक करण्याआधी तिची संमती घ्यावी लागते, असं कळलं. म्हणून गेल्या रविवारी मी फाटकातून तिच्याकडं गेले. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मला बघायला ती आली होती, तेवढं सोडता आमचं जाणं-येणं नव्हतं. ती शेवग्याच्या शेंगा सोलत होती. सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "आक्का, आणि मीच आधी गेले तर?"

"तर मला काय मजा राहिली?"

तिनं एक शेंग पुढं सरकवली. मी सोलली. मग ती म्हणाली, "पट्टीत मी झिनियासुद्धा लावणार."

"झिनिया नाही."

"मग सही नाही."

सबब, भिंतीच्या बाजूला झिनियाची एक ओळ चालेल. एकच.

येणेप्रमाणे ही माझी अखेरची इच्छा आहे. याआधी लिहिलेलं सर्व रद्द समजावं. बँकेच्या वारसनोंदीच्या फॉर्मवरची माझी सहीही धरू नये, ती घाईत झाली होती. हा सर्व मजकूर मी आशाबाईला मोठ्यानं वाचून दाखवला. तिनं दोन चुका काढल्या. पहिली, ती म्हणते की हातासोबत चाळणी नव्हती, सूप होतं. ती मी दुरुस्त केलेली नाही. दुसरी, वारा नव्हता, आक्का होती. तीही तशीच ठेवली आहे. पण तिचं म्हणणं नोंदवलं.

ठिकाण : औरंगाबाद
दिनांक : १४ जून २००१

(सही) द्वारकाबाई आप्पासाहेब शेजूळ

आम्ही खाली सही करणारे साक्षीदार. द्वारकाबाईंनी वरील सही आमच्या डोळ्यांदेखत, बाहेर ओट्यावर बसून, स्वतः केली. त्या पूर्ण शुद्धीवर होत्या आणि त्यांनी आम्हाला दोनदा वाफ्यातून पाय काढायला सांगितलं.

१. (सही) कडूबा रामभाऊ तुपे, निवृत्त पोस्टमन, राहणार समोर
२. (सही) लक्ष्मीबाई दत्तोबा म्हस्के, शिक्षिका, राहणार मागची गल्ली